एक ठोका म्हणजे थांब

माझा जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा मी एका कपाटाच्या आत होते. खऱ्या नव्हे, पडद्यावरच्या. फर्निचरच्या एका कारखान्यासाठी मी घरी बसून कपाटांची चित्रं काढते. कुठली फळी किती लांब, बिजागरी कुठे, खण किती खोल, असलं सगळं. कुणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघत आणि काही लोकांच्या ओट्यांची वाट लावत शिकले. त्या दिवशी दार फिरवून कपाट आतून न्याहाळत होते, तेवढ्यात पंखा घरघरला, पडदा काळा झाला आणि करपल्याचा वास सुटला. कारखान्याच्या मालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुला काही झालं नाही ना, मग नवीन घे, आणि लवकर घे.

नवीन म्हणजे कसा, इथून घरात दोन तट पडले. आमचे हे एका मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यात आहेत. घरात झाडू आणायचा तरी तीन दुकानांत चौकशी करणार. त्यांचं मत पक्कं होतं: तयार घ्यायचा. खोक्यातून काढला, वायर लावली, बटण दाबलं, संपलं. बिघडला तर एकाच माणसाची मानगूट धरायची. सुटे भाग आणून जोडला आणि चाललाच नाही, तर बोर्डवाला रॅमवाल्याकडे बोट दाखवणार, रॅमवाला बोर्डवाल्याकडे, आणि तू खोकी काखेत मारून मधल्या मध्ये फिरणार. यात खोटं काहीच नव्हतं. नवऱ्याच्या बोलण्यात खोटं काही सापडलं नाही की मला फार अस्वस्थ होतं.

दुकानात गेलो. तयार यंत्राला एका बाजूला काचेचं दार होतं आणि आत निळे-जांभळे दिवे फिरत होते. मत्स्यालयच, फक्त मासे नव्हते. विकणाऱ्या मुलीला मी विचारलं, यातला पॉवर सप्लाय कुठला आहे? ती म्हणाली, मॅडम, तो आतच असतो. आत असतो हे मलाही ठाऊक होतं, तो कुणी बनवलाय आणि किती भार पेलतो ते हवं होतं. तिने खोकं चारही बाजूंनी वाचलं आणि गोड हसून सांगितलं की सगळं इन्क्लुडेड आहे. उघडून बघू का, म्हटलं, तर तिने कडेचा छोटा चकचकीत स्टिकर दाखवला. हा फाटला की वॉरंटी गेली.

मी कपाटांची बाई. पुढून नक्षीची काच आणि पाठीला पुठ्ठ्याची फळी, असला माल मी लांबून ओळखते. शिवाय त्यातला बोर्ड त्यांच्याच मापाचा होता, उद्या बाहेरचा एखादा भाग घालायचा म्हटलं तर बसणार नाही. पण मी तोंड उघडलं नाही. जोडायचा म्हटलं तर जोडणार कोण? मी पडद्यावर फळीला फळी लावते, खरा स्क्रू माझ्या हातून सरळ जात नाही. यांनी ते यंत्र आमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलं आणि आम्ही घरी आलो.

त्याच सुमारास घरात आणखी एक गोष्ट ठरत होती, आणि तिचंही असंच गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक होतं. वयस्कर माणसांना सांभाळणारी एक संस्था. जेवण, औषधं, नर्स, बागेत फेरी, सगळं इन्क्लुडेड. अडचण आली तर एकच फोन नंबर. हे पत्रक माझ्या सासऱ्यांसाठी होतं.

बाबांनी जन्मभर लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग औषध, मग माझं नाव. 'सूनबाई' तेवढं आठवायचं, म्हणून मी सूनबाईवर भागवून घेतलं. पण एक दिवस ते कुणाला न सांगता घराबाहेर पडले आणि शोधाशोध करून सापडले ते पलीकडच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये. कुणी बटण दाबलं की वर जात होते, कुणी दाबलं की खाली येत होते. हे आत शिरले तर बाबा मागच्या पत्र्याला कान लावून उभे. यांनी विचारलं, इथे काय करताय? बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, थांब जरा, तो खालून काय म्हणतोय ते ऐकतोय.

त्यानंतर यांचे आणि ताईचे, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीचे, फोनवर फोन झाले. जागा राखून ठेवली गेली. ताई महिनाअखेरीला येऊन बाबांना पोचवणार, असं ठरलं. दोघंही दुष्ट नाहीत. ताई फोनवर बोलता बोलता रडायची आणि हे फोन ठेवल्यावर बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहायचे. मला बाबांना पाठवायचं नव्हतं. माझं मत मात्र कुणी विचारलं नाही, कारण मी ते दिलं असतं.

एका रात्री जेवताना हे मला तयार यंत्राचे फायदे पुन्हा समजावत होते. बाबा मान खाली घालून जेवत होते. आम्हाला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

"तयार आणू नका," बाबा म्हणाले. "मी जोडतो."

हे हसले, मग थांबले. बाबांचा आवाज जुना होता, इमारतीत दोन मजले खाली ऐकू जाईल असा.

"मला सगळं कळतं काय चाललंय ते," बाबा म्हणाले. "ते यंत्र मला जोडू द्या. जमलं तर मला इथून हलवायचं नाही. नाही जमलं तर मी आपल्या पायांनी गाडीत बसतो. माझ्या पोरीला रडायला लावू नका."

यांनी ताट बाजूला सारलं आणि हो म्हणाले. नंतर खोलीत मला म्हणाले, अगं, बरंच झालं. त्यांचं त्यांनाच कळेल, आपल्याला सांगावं लागणार नाही. मी पांघरूण ओढून घेतलं. म्हणजे गणित असं झालं होतं: दुकानातलं ते मत्स्यालय घरात आलं की बाबा घराबाहेर.

भाग आले. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, चित्रांसाठीचं मोठं कार्ड, आणि काळी, रिकामी, सरळ कॅबिनेट. भाग मीच निवडले होते, रात्रंदिवस इंटरनेटवर लोकांची भांडणं वाचून. कुठला भाग कुठे हे मला वाचून माहीत होतं, बाबांना ते माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की कुठल्याही वस्तूला किती जोर द्यायचा. मी चित्र दाखवायची, ते करायचे.

दुपारच्या जेवणाचं टेबल आवरलं की काम सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी बाबांनी हात धुतले, पुसले, अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या लोखंडी गजाला हात टेकवला. मग टेबलाच्या पलीकडची खुर्ची बाहेर ओढली आणि तशीच रिकामी ठेवून स्वतः अलीकडे बसले. मी त्या खुर्चीत बसायला गेले.

तू नको, ते म्हणाले. तू आपली चित्र दाखव. ती जोडीदाराची जागा आहे.

जोडीदार म्हणजे लांब्या. खरं नाव मला कधी कळलंच नाही. बाबा आणि लांब्या यांनी सगळी कामं जोडीने केली. मी सून होऊन आले तेव्हा त्याला एकदाच बघितलं होतं, दाराच्या चौकटीतून वाकून आत येणारा, सगळ्यांची चेष्टा करणारा माणूस. ताई लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून फिरायची आणि वरून जगाला टुकटुक करायची. लांब्याला जाऊन बरीच वर्षं झाली. छातीच्या दुखण्याने गेला, अंथरुणात.

लिफ्टच्या कामात, बाबांनी मला त्या दिवशी सांगितलं, जोडीतला एक वर असतो आणि एक खाली खड्ड्यात. मध्ये सगळा अंधार. हाक मारली तर आवाज फिरतो, कुठून आला कळत नाही. म्हणून बोलायचं नाही, लोखंडावर ठोकायचं. दोन ठोके म्हणजे माझ्या बाजूने ठीक, चालू कर. एक ठोका म्हणजे थांब. आणि थांब आलं की थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. ज्यांनी आधी विचारलं त्यांची नावं बाबांनी सांगायला सुरुवात केली, आणि त्यांना ती सगळी आठवत होती.

प्रोसेसर बसला. बाबांनी कडी खाली दाबली, तेव्हा टक् टक् असा बारीक आवाज आला. मला वाटलं कडीचाच. बाबा मात्र समाधानाने मागे टेकले आणि म्हणाले, आज एवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी रॅमच्या पट्ट्या होत्या. चित्रात कुठल्या खाचा ते मी दाखवलं, पण बाबांनी एक पट्टी शेजारच्या खाचेत धरली. मी सांगणार, तोच एक ठोका पडला. बाबांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी पट्टी उचलली, दोन्ही खाचांकडे बघितलं आणि योग्य खाचेत बसवली. मग दोन ठोके.

मी शहाणी बाई आहे, आधी टेबलाखाली बघितलं. बाबांचे पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर, सपाता बाजूला. हात दोन्ही वर, माझ्या डोळ्यांसमोर. मग मी भिंतीतल्या नळावर ढकललं, मग वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावरचे लोक तर माझ्या फार उपयोगी पडतात, घरातल्या कुठल्याही आवाजाला मी त्यांनाच जबाबदार धरते. पण तो आवाज वरून आला नव्हता. टेबलावरच्या त्या काळ्या पत्र्याच्या कॅबिनेटमधून आला होता, पलीकडच्या अंगाने. आणि तिच्यात अजून वीज गेली नव्हती, एक तारही जोडलेली नव्हती.

काम झालं की मी खुर्च्या आत सारायची. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल पुसायला यावं तर पलीकडची खुर्ची बाहेर. बाबांनी ओढली असेल, असं मी म्हणायची. बाबा तेव्हा झोपलेले असायचे.

यांना मी काही बोलले नाही. संध्याकाळी आले की हे कॅबिनेटमध्ये डोकावायचे, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत आणि विचारायचे, कुठवर आलं? आलंय बऱ्यापैकी, मी म्हणायची. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते दुःख होतं की आनंद, मला सांगता येणार नाही. त्यांनाही आलं नसतं. दुकानातून फोन येत होते, यंत्र ठेवायचं की दुसऱ्याला द्यायचं? हे म्हणत, अजून थोडं थांबा.

आणि मग तो दिवस आला. कार्ड बसलं होतं, पॉवर सप्लाय बसला होता, वायरी ओढायच्या राहिल्या होत्या. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. बाबांनी वायरींचा जुडगा हातात घेतला, दोन-तीन जागच्या जागी लावल्या आणि मध्येच थांबले. माझ्याकडे बघितलं. मग त्या बोर्डाकडे, जसं काही तो कुणी रस्त्यावर त्यांच्या हातात दिला होता.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आपलंच, बाबा. त्यांनी मान हलवली, अगदी नम्रपणे, परक्या घरी हलवतात तशी. त्यांनी विचारलं की त्यांना घरी कधी सोडणार. मग खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी टेबलापाशी परत आले. प्रोसेसरला वीज देणारी तार राहिली होती. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या मागे, बोटं जेमतेम जातील अशी जागा. तेवढी लावली आणि झाकण घातलं की काम पुरं. उद्या बाबांनी फक्त बटण दाबायचं. ही लबाडी आहे हे मला कळत होतं. पण ताईचं तिकीट निघालं होतं, दुकानातलं ते यंत्र निळं-जांभळं चमकत वाट बघत होतं, आणि माझे सासरे आत परक्यासारखे झोपले होते. मी हात धुतले, पुसले, गजाला टेकवले. तार घेतली आणि त्या कोपऱ्यात घातली.

ती बसेना. मी जोर केला.

टक्.

बाबांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. पलीकडची खुर्ची बाहेर होती. मी तशीच राहिले, हात कॅबिनेटमध्ये, मान वाकडी. का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. मी हात बाहेर काढला, चष्मा शोधून घातला आणि हातातली तार उजेडात धरली. ती प्रोसेसरची नव्हतीच. मोठ्या कार्डाची होती. दोन्हींची टोकं इतकी सारखी दिसतात की कुणीही फसावं, आणि आणखी थोडा जोर करून मी ती कोंबली असती तर उद्या बटण दाबल्यावर आमचं सगळं नशीब धुराबरोबर वर गेलं असतं.

बरोबर तार शोधली. पुन्हा हात घातला. ती कोपऱ्यापर्यंत पोचली, पण बोटं अडकली, पुढे रेटता येईना. आणि तेव्हा, मी रेटत नसताना, तार माझ्या बोटांतून पुढे सरकली. कुणीतरी पलीकडून धरून घेतली, हळू, सवयीच्या हाताने, आणि ती खटकन बसली.

टक् टक्.

थँक यू, मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग घाईघाईने झाकण लावलं आणि जाऊन वरच्या मजल्यावरच्या वहिनींशी जिन्यात उभी राहून कितीतरी वेळ कशाकशाबद्दल बोलत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. बाबांसाठी नवीन बॅग आणली होती, चाकांची. ती तिने दाराशीच ठेवली आणि पदराने, म्हणजे ओढणीने, ती दिसू नये अशी झाकायचा प्रयत्न केला. बाबा त्या सकाळी लख्ख होते. ताईला ओळखलं, तिच्या वाढलेल्या वजनाची चेष्टा केली, मग टेबलापाशी आले. स्क्रीन जोडला, मुख्य वायर लावली, भिंतीवरचं बटण चालू केलं. आम्ही तिघं भोवती उभे. बाबांनी कॅबिनेटच्या बटणावर बोट टेकवलं.

आणि ते दाबेनात.

बोट तिथेच, डोळे पलीकडच्या खुर्चीवर. ताईने यांच्याकडे बघितलं, यांनी ताईकडे. या भावंडांची ती नजर मला पाठ आहे. तिच्यात सगळं ठरून जातं.

"दाबा ना, बाबा," हे म्हणाले.

"अजून त्याचं आलेलं नाही," बाबा म्हणाले.

ताईचे डोळे भरले. ती म्हणाली, बाबा, राहू द्या, खूप केलंत. आपण चहा घेऊ. यांनी बाबांच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसरा हात बटणाकडे नेला. मऊपणाने, जसं लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात.

एक ठोका पडला.

बाबांनी यांचं मनगट धरलं. ताईने टेबलावर टेकलेला हात झटकन मागे घेतला, चटका बसावा तसा. तिचा चेहरा मी बघत होते. तो हळूहळू लहान होत गेला, अगदी खांद्यावर बसायच्या वयाचा. यांनी मात्र आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"काय झालं?" हे म्हणाले. यांना काही ऐकू आलं नव्हतं.

बाबांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर काढली, झाकणाचे स्क्रू सोडवले. आत वाकून बघितलं. काही दिसलं नाही. मग त्यांनी अख्खी कॅबिनेट दोन्ही हातांत घेऊन झोपलेल्या पोरासारखी हळूच कलती केली. आत काहीतरी घरंगळलं. बोर्डाच्या मागून एक बारीकसा स्क्रू निसटला आणि त्यांच्या तळहातावर पडला.

तो माझा होता. आदल्या दिवशी झाकण लावताना एक कमी पडला, तेव्हा खाली कुठेतरी गेला असेल म्हणून मी पाकिटातून दुसरा घेतला होता. तो बोर्डाच्या पाठीमागे जाऊन बसला होता, सोल्डरच्या उघड्या टाक्यांवर. वीज सोडली असती तर काय झालं असतं ते यांना समजावून सांगावं लागलं नाही. खरेदी खात्यातला माणूस आहे, जळालेला माल त्यांनी परत पाठवलेला आहे. हे त्या स्क्रूकडे बघत खुर्चीत बसले.

बाबा अजून आत बघत होते. त्यांनी बोट लावलं ते नेमकं वरच्या कोपऱ्याला.

"ही वायर मी लावलेली नाही," ते म्हणाले.

त्यांनाच आठवलं होतं, आणि त्यांनीच विषय काढला होता. मी लावली म्हटलं तर त्यांनी बॅग उचलली असती. शब्द म्हणजे शब्द. तुम्हीच लावली म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि मग मला उरलेल्या आयुष्यात त्यांच्याकडे बघता आलं नसतं.

"मी लावायला गेले होते," मी म्हणाले. "मला जमेना. मग ती पलीकडून कुणीतरी ओढून घेतली."

माझा नवरा माझ्याकडे असा बघत राहिला की बहुतेक तो मनात दोन जणांसाठी जागा राखून ठेवत होता. बाबांना मात्र त्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांनी मान डोलावली.

"त्याची सवयच आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याचे हात अडकलेले बघवत नाहीत त्याला. जोडीदाराने लावली म्हणजे आमच्याकडूनच झालं."

झाकण बसलं. वायर लागली. बाबांचं बोट पुन्हा बटणावर आलं. या वेळी आम्ही सगळेच थांबलो, हेसुद्धा थांबले, न विचारता. दोन ठोके आले. ताईने डोळे मिटले. बाबांनी बटण दाबलं, आतले पंखे एक लांब श्वास घेतल्यासारखे फिरले आणि पडदा उजळला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताई टेबलाच्या या टोकाला उभी होती, पलीकडे जायचा तिचा धीर होत नव्हता. तिने घसा साफ केला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "लांब्याकाका त्या खुर्चीत बसलेत का?"

"बसतोय कुठे," बाबा म्हणाले. "उभाच आहे. तो दिवा डोक्याला लागतो म्हणून वाकलाय बिचारा."

जेवणाच्या टेबलावर आमचा एक दिवा आहे, साखळीने टांगलेला. खिडक्या बंद होत्या. दिवा हलत होता, अगदी थोडा, नुकतंच कुणाचं तरी डोकं लागून गेल्यासारखा. आम्ही चौघांनी तो थांबेपर्यंत बघितलं.

मग ताईने संस्थेला फोन लावला. ती म्हणाली, आमचं रद्द करा. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं असणार, कारण ताई जरा अडखळली आणि म्हणाली, तुमच्याकडे खोली एकाच माणसाची आहे ना, म्हणून. दोघांची मिळेल, असं त्या म्हणाल्या असाव्यात. ताईने घाईघाईने नको, नको म्हटलं आणि फोन ठेवून माझ्या शेजारी येऊन माझा दंड धरून उभी राहिली.

हे उठले. खिशातून स्वतःचा फोन काढला आणि दुकानात लावला. ठेवलेलं यंत्र नको, दुसऱ्याला देऊन टाका. त्या गोड मुलीने विचारलं असेल, मग तुम्ही कुणाकडून जोडून घेतला, कारण हे एकदम गप्प झाले. त्यांनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग टेबलाच्या पलीकडे, जिथे त्यांना काही दिसत नव्हतं आणि काही ऐकू येत नव्हतं.

"घरच्यांनी जोडला," ते म्हणाले.

फोन ठेवला. स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, त्यावर चढले, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी त्या दिव्याची साखळी वर ओढून घेतली, चांगली उंच.